एकोणीस नंबरचं गलबत

माझे हात धड नाहीत, हे आमच्या घरात मी चौथीत असल्यापासून सर्वांना मान्य होतं. पतंग करायला घेतला तर कामटी मोडायची, कंदिलाची काच पुसायला घेतली तर काच जायची. आणि काही मोडलं नाही तर ते अर्धवट राहायचं. जिन्याखाली माझ्या अर्ध्या वस्तूंचा ढीगच होता. पत्र्याची पवनचक्की होती, तिला पाती नव्हती. गाडी होती, तिला एकच चाक होतं. आई दर दिवाळीला तो ढीग अंगणात ओढून काढायची आणि म्हणायची, "घ्या, साहेबांचा कारखाना."

तरी शौक काही सुटला नाही. चोविसाव्या वर्षी मी तुळजापुरात हायस्कुलात शास्त्र आणि इंग्रजी शिकवायला लागलो होतो. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते देवळात पुजारी. पाळी असली की पहाटेपासून देवळात, नसली की ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी. आम्ही दोघं भाऊ. थोरल्याला मी दादा म्हणतो. तो मुंबईला गेला आणि तिथं एका मालवाहू बोटीवर इंजिन खात्यात लागला. पुजाऱ्याचा पोरगा समुद्रावर, ही गोष्ट गल्लीला पचायला दोन वर्षं लागली. आईला ती पचलीच नाही.

त्याला कारण होतं. आईनं जन्मात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यातलं, आणि पाण्यावर चालणारी पाहिलेली एकच वस्तू म्हणजे काहिल. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भली मोठी पसरट कढई. नदीला पाणी आलं की आमच्याकडं तीच पाण्यात सोडायचे आणि माणसं पलीकडं न्यायचे. तिच्या माहेरी मांजरा नदीच्या काठी लहानपणी ती एकदा तशी बसली होती, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. ती धास्ती तिच्या अंगात कायम राहिली. त्यामुळं दादासुद्धा कुठंतरी अफाट पाण्यात एका थोरल्या काहिलीत कड धरून बसलाय, असं तिनं पक्कं ठरवून टाकलं होतं.

"बसल्या बसल्याच झोपतंय का रं लेकरू?" ती मला विचारायची.

"आई, बोट म्हणजे घर असतं. खोल्या असतात."

"आन् पाऊस आला म्हंजे?"

"छप्पर असतं की."

"काहिलीला कुठं आलंय छप्पर? मला येडी समजतोस व्हय?"

मी पाटीवर चित्र काढून दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "हा तर हंडा हाय." चूक तिची नव्हती, मी काढलेलं सगळंच हंड्यासारखं दिसायचं. शेवटी तिनं विचारणं कमी केलं. पण रोज अंथरुणाची वळकटी उलगडली की तिचा हात मध्येच थांबायचा आणि ती स्वतःशीच म्हणायची, "ते कुठं पडत आसंल?" तिला बाकी काही नको होतं. पोराचा पगार किती, देश कोणते बघितले, काही नाही. आपलं पोरगं झोपतं ती जागा तिला एकदा बघायची होती.

दादाच्या बोटीवर एक तारवाला, म्हणजे बिनतारी संदेश पाठवणारा, होता. तो फुरसतीच्या वेळी तयार तुकड्यांच्या खोक्यातून हुबेहूब छोटी जहाजं आणि विमानं जोडायचा. दादानं हे पत्रात सहज लिहिलं, आणि मी उलट टपाली कळवलं की मलाही तेच करायचंय. दोन महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं. आत मुंबईच्या एका दुकानाची चित्रांसकट छापलेली यादी, आणि पत्र. 'यातलं एक निवड आणि नंबर कळव, दुकानदार ओळखीचा आहे, पार्सल करील. माझ्याकडून तुला भेट. पहिल्यांदाच करतोयस, तेव्हा थोड्या तुकड्यांचं घे.' सात नंबरच्या चित्राशी त्यानं पेन्सिलीनं खूण केली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'आमची बोट साधारण अशीच. आईला दाखव.'

आता खरं सांगतो. मी ते चित्र आईला दाखवलं नाही.

दाखवणार होतो. पण आधी म्हटलं, यादी तरी नीट बघू. आठ पानांची ती यादी मी आठ दिवस वाचली. शाळेत वह्या तपासताना वह्यांच्या आड धरून वाचली, जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचली. आबा म्हणाले, "एवढं लक्ष मॅट्रिकला दिलं असतंस तर कलेक्टर झाला असतास." दोन पंखांवर दोन पंख असलेलं विमान होतं. ते बघून मी तासभर हरखलो, मग पंखांच्या काड्या मोजल्या आणि माझ्या हातांचा विचार केला. आगगाडीचं इंजिन होतं, पण चाकांना चाकं जोडणारे ते दांडे बघूनच छातीत धस्स झालं. मोटारबस होती. ती सोपी होती, पण बस रोज येरमाळ्याकडून येताना दिसायची. जी वस्तू धूळ उडवत दारावरून जाते ती घरात कशाला मांडायची?

सात नंबर म्हणजे दादाची आगबोट. करडा रंग, एक धुराडं, मध्ये दोन-तीन डबे एकमेकांवर ठेवल्यासारख्या खोल्या. छत्तीस तुकडे. नवशिक्यासाठी, असं खाली स्वच्छ छापलेलं होतं. आणि शेवटच्या पानावर, अख्ख्या पानभर, एकोणीस नंबर. तीन डोलकाठ्यांचं जुन्या काळचं गलबत. वाऱ्यानं फुगलेली शिडं, शिडांना जाळीसारखी दोरखंडं, दोन्ही बाजूंना इवल्याशा पितळी तोफा, आणि मागच्या अंगाला सोनेरी नक्षीच्या खिडक्यांची रांग. मी त्या पानावर जो अडकलो तो अडकलोच. बाबो, काय त्याचा थाट!

शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांना यादी दाखवली. माणूस जुन्या अमदानीतला, टोपी तिरकी, बोलणं फटकळ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिला प्रश्न टाकला, "तुकडे किती?"

"दोनशेच्या वर."

"आन् ह्या करड्या बोटीचे?"

"छत्तीस."

"मग पूछताछ कशाची चाललीय? पहिलं मॉडेल पुरं करायला असतं मास्तर, मिरवायला न्हाय. दुसरं सांगतो. ज्या वस्तूची घरात कुणाला तरी माहिती हाय, तीच घ्यावी. अडलं तर विचारता येतं. तुमचा भाऊ त्या बोटीवर राहतो, ह्या गलबतावर कोण राहतं तुमचं?"

मी मान हलवली आणि मनातल्या मनात त्यांना चार शब्द ऐकवले. ज्याचा सल्ला बिनतोड असतो त्याचा मला हमखास राग येतो, आजही येतो. घरी येऊन परत शेवटचं पान उघडून बसलो.

तीन-चार दिवस असे गेले तेव्हा आबा वैतागले. "एवढं जर ठरत नसंल तर चिंतामणीला विचार आन् मोकळा हो."

आमच्या देवळात चिंतामणी नावाचा एक गोल गुळगुळीत दगड आहे. समोर बसायचं, दोन्ही तळवे त्याच्यावर हलके टेकवायचे आणि मनात एक प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, हललाच नाही तर थांबा. लग्नं, खटले, बदल्या, सगळं लोक त्याला विचारतात. खेळण्याचं विचारणारा मी पहिलाच असेन. पण मला ती कल्पना एकदम पटली, कारण मग जबाबदारी माझी राहणार नव्हती. दुपारी गर्दी नसताना गेलो. आबा पलीकडं खांबाला टेकून बसले होते.

तळवे टेकवले आणि मनात विचारलं, एकोणीस नंबर घेऊ ना? त्यातला तो 'ना' मी जरा जोरात म्हटला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दगड हलला. डावीकडं. जास्त नाही, बोटभर. आणि मग माझ्या उजव्या तळव्यानं, मी काही ठरवायच्या आत, त्या दगडाला जरासा रेटा दिला. दगड परत मधे आला, आणि मग चांगला ऐसपैस उजवीकडं गेला.

"काय म्हणतोय?" आबांनी विचारलं.

"उजवा."

"बरं झालं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

त्याच दिवशी मी कार्ड टाकलं, एकोणीस नंबर. दादाचं उत्तर आलं. दादाची पत्रं आईला वाचून दाखवायचं काम माझं होतं. तिला अक्षरओळख नव्हती आणि आबांची पत्र वाचायची तऱ्हा अशी की मधेच स्वतःचं चार वाक्यं बोलायचे. ती माझ्यासमोर पदर सावरून बसायची, देवळात बसते तशी. मी वाचू लागलो. तब्येत बरी आहे, हवा बरी आहे, एकोणीस नंबर सांगितला आहे, तुझी आवड ती माझी आवड. पुढची ओळ होती, 'पण आमची बोट अशी नसते, हे आईला नीट समजावून सांग, नाहीतर तिचा भलताच समज होईल.' ती ओळ मी गाळली आणि थेट 'सर्वांना नमस्कार' म्हटलं.

का गाळली? सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग ती दुसरीच आणायची होतीस. आणि ती बरोबर असती. एवढं साधं कारण.

पार्सल सोलापूरहून एस.टी.नं आलं. खोकं उघडलं आणि माझं अवसान गळालं. लाकडाच्या फळ्या, काड्या, तोफांची चिमुकली चाकं, कापडाची शिडं, दोऱ्याची रिळं, आणि इंग्रजीत बारीक अक्षरात सूचना. इंग्रजीचा मास्तर मी, पण त्यातला दर तिसरा शब्द मला अनोळखी. ही दोरी त्या काठीच्या अमक्यातून ओढून तमक्याला बांधा! अमकं काय आणि तमकं काय? सास्तूरपासून तेरखेड्यापर्यंत कुणाला विचारणार? ड्रॉइंग मास्तर भेटले की लांबूनच विचारायचे, "झालं का पुरं?" आणि मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

सांगाडा कसाबसा उभा राहिला. सुताराकडून सरस आणला, तो तुकड्यांपेक्षा माझ्या बोटांना जास्त चिकटला. पण दोरखंडापाशी मी साफ अडलो. दोऱ्याची गाठ मारायला गेलो की काठी मोडायची. तिसरी काठी मोडली तेव्हा मी सगळं उचललं आणि जिन्याखाली ठेवायला निघालो. आई समोर वाती वळत बसली होती. पुजाऱ्याचं घर, रोज ढीगभर वाती लागायच्या. तिनं विचारलं, "हेच्यात दादा ऱ्हातो न्हवं?"

हाच क्षण होता. नाही म्हणालो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी म्हणालो, "हां, असल्याच मोठ्यात."

"मग आण इकडं," ती म्हणाली. "माझ्या पोराचं घर जिन्याखाली टाकतोस व्हय, मुडद्या?"

तिनं वातींचं ताट बाजूला सारलं आणि ते गलबत मांडीवर घेतलं. मी चित्रात दाखवायचं, ती बांधायची. आयुष्यभर कापसाच्या वाती वळलेली तिची बोटं; दोऱ्याला नुसता पीळ द्यायची आणि गाठ कुठं बसली ते दिसायचंसुद्धा नाही. दुपारची भांडी झाली की आम्ही दोघं ओसरीवर बसायचो. सांगायला हरकत नाही, त्या पाच-सहा महिन्यांइतका मी आईपाशी सलग कधीच बसलो नव्हतो. ती माहेरच्या गोष्टी सांगायची, शेजारणींच्या नकला करायची, मधेच मला चिमटा काढायची, "सुईत दोरा ववता येईना, आन् म्हणं बोट बांधतो." मला फार सुख वाटायचं. आणि मधूनमधून ते टोचायचंही.

कारण ती बांधता बांधता विचारत होती. "ही दोरी कशाची?"

"वादळात धरायला."

"एवढ्या दोऱ्या हायत म्हंजे पडायचं न्हाय पोरगं. आन् ही लुगडी कशाला टांगली?"

"ती शिडं. वारा धरतात."

"आन् झोपायचं कुठं?"

मी मागच्या सोनेरी खिडक्या दाखवल्या. ती कितीतरी वेळ त्या खिडक्यांकडं बघत राहिली. मग तिनं बोटानं तिसरी खिडकी पुसली. "खिडक्या हायत की रं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, झालं ते बरंच झालं. त्यानंतर वळकटी उलगडताना तिचा हात थांबेनासा झाला. शेजारणींना बोलावून ती गलबत दाखवायची. "ही तिसरी खिडकी आमच्या थोरल्याची. वारं लई येतं म्हणं तिथं." खिडकी तिसरी, हे मी कधीच म्हणालो नव्हतो. ते तिनं ठरवलं होतं.

गलबत पुरं झालं. माझ्या हातून पुरी झालेली ती पहिली वस्तू, आणि तीही निम्म्याहून जास्त आईच्या हातची. ड्रॉइंग मास्तर मुद्दाम घरी येऊन बघून गेले. चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "वा! पण गाठी तुमच्या न्हाईत." आई पदराआड हसली.

पुढच्या उन्हाळ्यात दादा रजेवर आला, दीड वर्षानं. दुपारच्या एस.टी.नं आला, काळवंडला होता, खांद्यानं रुंद झाला होता, दारातून वाकून आत आला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि त्याला गुळपाणीसुद्धा न देता हात धरून थेट पेटीवरच्या गलबतापाशी नेलं.

"आता सांग. मी म्हणते ही तिसरी. व्हय ना?"

दादानं गलबत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. दादाला खोटं बोलता येत नाही, लहानपणी त्यापायी आम्ही दोघांनी पुष्कळ मार खाल्लाय.

"आई, असली गलबतं जुन्या काळी असायची," तो हळू म्हणाला. "आमची बोट लोखंडाची. शिडं नसतात. मी खाली असतो, इंजिनाजवळ. मी लिहिलं होतं की तसं."

आईनं एका दोरीवरनं बोट फिरवलं. मग ती माझ्याकडं वळली. "मग इतक्या दोऱ्या मी कुणासाठी बांधल्या?"

मी सगळं सांगून टाकलं. सात नंबरची खूण सांगितली, गाळलेली ओळ सांगितली, आणि चिंतामणीला रेटा दिला तेही सांगितलं. आबा दारात उभे होते. देवळातली आगळीक ऐकून ते आता काठी शोधणार असं मला वाटलं. ते म्हणाले, "आरं, चाळीस वर्षं बसतोय मी त्या दगडापाशी. माणसाच्या हाताला ओढ असतीच. देवीला काय ते कळत न्हाय? पण दगड ढकलून घरी येऊन आईला खोटं पत्र वाचणारा तू पहिलाच."

आई रागावून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मला वाचता येत न्हाय. तू वाचतोस तेवढंच माझं पोरगं माझ्याशी बोलतं. त्यातलं बोलणं तू खाल्लंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवायला बसलो तेव्हा तिनं दादाला आग्रह करकरून वाढलं, आबांना वाढलं, माझ्या ताटात भाकरी ठेवली आणि 'अजून घे' म्हणाली नाही. आमच्या घरात याच्याहून मोठी शिक्षा नव्हती. रात्र गेली, दुसरा दिवस निम्मा गेला. ती माझ्याशी बोलली नाही.

ऊन कललं तसं तिनं दादाला म्हटलं, "मग दाखव. खरी कशी हाय ती."

दादानं कागद मागितला, मग म्हणाला, "कागदावर न्हाय आई. वर चल." आमचं घर मातीच्या सपाट छताचं, वर माळवद. त्यानं कोळसा घेतला आणि पावलं मोजत सारवलेल्या जमिनीवर रेघ ओढायला लागला. दोन रेघा झाल्या तशी आई म्हणाली, "वाकडं वडतोस. थांब." आणि खाली जाऊन रांगोळीचा डबा घेऊन आली.

तो सांगत गेला, ती चिमटीनं रेघ सोडत गेली. ही भिंत. हे दार, वाकून यायचं. इथं दुसऱ्याचा बिछाना, त्याच्यावर तिसऱ्याचा. इथं कपडे टांगायची खुंटी. आणि हा माझा. त्यानं हात पसरून लांबी-रुंदी दाखवली. खेळण्यातलं माप नाही, खरं माप. आई तीन बाजूंनी रेघ ओढत आली, चौथी मिळवली, आणि मागं सरून बघितलं. आमच्या ओसरीवरच्या बाजेएवढीसुद्धा ती जागा रुंद नव्हती.

"इतकंच?"

"पुरतं की आई."

रांगोळीवर हळदकुंकू टाकल्याशिवाय तिच्यानं राहवेना. तिनं उशाच्या जागी दोन चिमटी टाकल्या. मग इकडंतिकडं बघितलं, शेजारच्या माळवदावर कुणी नाही ना ते बघितलं, लुगडं सारखं केलं, आणि रेघ मोडू न देता जपून आत पाय ठेवून त्या चौकोनात आडवी झाली. आम्ही दोघं भाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिलो. आबा जिन्यात उभे राहिले.

तिनं कुशीला वळून बघितलं. पाय ताणून बघितले, तिची टाच रेघेपासून चारच बोटं अलीकडं राहिली. "तू माझ्याहून हातभर उंच. म्हंजे गुडघे मुडपून निजतोस."

"सवय झालीय आता."

ती पाठीवर झाली. संध्याकाळचं आभाळ होतं, त्यात घारी फिरत होत्या. "आन् डोळे उघडल्यावर काय दिसतं? हेच?"

"न्हाय आई. वरच्याच्या बिछान्याचा पत्रा असतो. लोखंडी. अगदी तोंडावर, हातभर."

आई थोडा वेळ आभाळाकडं बघत पडून राहिली. मग तिनं मान वळवली आणि आदल्या दुपारपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"ये इकडं. पत्रा धर."

मी रेघेबाहेर गुडघ्यावर बसलो आणि तिच्या तोंडावर दोन्ही हात आडवे धरले, तळवे खाली करून.

"अजून खाली," दादा म्हणाला.

मी खाली घेतले. तिचा श्वास माझ्या तळव्यांना लागत होता. तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि माझ्या हातांकडं टक लावून बघत राहिली. हात भरून आले तरी मी ते काढले नाहीत.

"दिसलं," आई म्हणाली. पण उठली नाही.